तीन पाव की पाऊण? : अपूर्णांकांना नाव देण्याविषयी

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात प्राथमिक विभागाच्या गणित शिक्षिकेने केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीविषयी माझ्याआधी अधिकारी व्यक्तींनी सविस्तर सांगितले आहे. माझ्याकडे ‘प्राथमिक वर्गांतील गणित’ हा विषय सोपवण्यात आला होता. तो अर्ध्या तासात मावणारा नाही. म्हणून समितीच्या अनुमतीने मी त्यातील दोन-तीन पानांचाच मजकूर निवडला आहे. ही पाने आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांवर एक वर्तुळ असते, त्याचे चार भाग पाडलेले असतात, त्यांपैकी तीन रंगवलेले असतात आणि शेजारी प्रश्न असतो : रंगवलेला भाग अपूर्णांकात लिहा.

या पानावर बहुतेक मुलांना पैकीच्या पैकी गुण मिळतात. आपणांलाही मिळाले असतील. परंतु हे गुण म्हणजे मुलाला अपूर्णांक समजल्याचा पुरावा नव्हे, असे मला आज सांगावयाचे आहे. घरी अभ्यास घेताना आपण मुलाला एक सोपा नियम सांगतो : रंगवलेले वर लिही, एकूण खाली लिही. नियम बिनचूक चालतो, मूल खूश होते, आपणही खूश होतो. आणि दोन वर्षांनी तेच मूल अर्ध्यात पाव मिळवून दोन षष्ठांश असे उत्तर आणते. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. त्याने आपलाच नियम पुढे चालवला, इतकेच.

हा नियम चालतो तो पुस्तकातील आकृत्यांच्या सौजन्यामुळे. तेथील प्रत्येक आकृतीचे भाग छापणाऱ्याने आधीच समान करून दिलेले असतात. मुलाला फक्त मोजावे लागते, आणि मोजणे ते पहिलीतच शिकलेले असते. म्हणून मी दरवर्षी फळ्यावर एक त्रिकोण काढते. त्याच्या उंचीचे तीन सारखे भाग करून पायाला समांतर अशा दोन रेघा ओढते आणि सर्वांत खालचा पट्टा खडूने रंगवते. वर्ग एका सुरात उत्तर देतो, “एक तृतीयांश!” मग आम्ही तोच त्रिकोण लहान लहान सारख्या त्रिकोणांत विभागतो. वरच्या पट्ट्यात एक त्रिकोण बसतो, मधल्यात तीन आणि खालच्यात पाच. एकूण नऊ झाले. म्हणजे ज्याला आपण एक तृतीयांश म्हटले, तो पाच नवमांश निघाला, अर्ध्याहूनही जास्त. टोकाचा भाग अवघा एक नवमांश. गंमत अशी, की मधला पट्टा मात्र खरोखरच एक तृतीयांश आहे. तो रंगवला असता तर वर्गाचे उत्तर बरोबर ठरले असते आणि कारण चुकीचे राहिले असते. शिक्षकाच्या दृष्टीने अशी बरोबर उत्तरे अधिक काळजी करण्याजोगी, कारण ती वहीत बरोबरच्या खुणेखाली निर्धास्तपणे झोपून राहतात.

उलट बाजूचा घोटाळाही तितकाच मनोरंजक आहे. एक आयत घ्यावा आणि त्याचे दोन्ही कर्ण काढावेत. चार त्रिकोण तयार होतात. दोन बुटके आणि पसरट, दोन उंच आणि निमुळते. समान भागांचा धडा चांगला शिकलेली मुले येथे ठामपणे सांगतात, “बाई, हे भाग समान नाहीत.” त्यांच्या लेखी समान म्हणजे दिसायला सारखे. त्यांना कात्री द्यावी. प्रत्येक त्रिकोण आयताच्या मध्यबिंदूपासून समोरच्या बाजूपर्यंत मधोमध कापायला सांगावा. जे आठ तुकडे मिळतात ते एकावर एक ठेवले, आणि गरज पडेल तो पालथा घातला, तर तंतोतंत जुळतात. प्रत्येक त्रिकोणात असे दोन तुकडे होते, म्हणून चारही त्रिकोण सारख्याच जागेचे. दिसणे वेगळे आणि जागा तेवढीच, ही कल्पना नऊ वर्षांच्या मुलाला नवी असते, आणि हात लावल्यावाचून ती पटत नाही.

रंगवलेल्या चित्राची मर्यादा मला येथेच दिसते. चित्रातला तुकडा उचलता येत नाही आणि दुसऱ्यावर ठेवून पाहताही येत नाही. माँटेसरी पद्धतीच्या साहित्यात अपूर्णांकांसाठी धातूची दहा वर्तुळे असतात. पहिले अखंड असते, दुसरे दोन भागांचे, तिसरे तीन भागांचे, असे दहापर्यंत. प्रत्येक तुकड्याला धरायला लहानशी मूठ असते. मूल तुकडा बाहेर काढते, दुसऱ्या वर्तुळाच्या रिकाम्या खाचेत बसवून पाहते आणि दोन चतुर्थांशांनी अर्ध्याची जागा भरते हे स्वतःच्या बोटांनी शिकते. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे महाराष्ट्रात बालशिक्षणाचा प्रसार करताना हाच आग्रह धरला, की साधन महागडे नसावे, पण हाताळता यावे. आमच्याकडे धातूची वर्तुळे नाहीत. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद त्या कामाला उत्तम येतो, आणि लग्नपत्रिकांना या शहरात तोटा नाही.

एका आकृतीपुढे तर मोठी माणसेही थबकतात. दोन वर्तुळे काढावीत आणि दोन्हींचे चार चार भाग करावेत. पहिले संपूर्ण रंगवावे, दुसऱ्याचा एक भाग रंगवावा. रंगवलेला भाग किती? मुले लिहितात ५/८. एकूण भाग आठ, रंगवलेले पाच. आपल्या नियमाप्रमाणे अगदी चोख. पण एक वर्तुळ म्हणजे एक भाकरी असे धरले, तर ताटात सव्वा भाकरी आहे, आणि सव्वा म्हणजे पाच अष्टमांश नव्हे. दोन्ही वर्तुळे मिळून ‘एक’ मानले तर पाच अष्टमांशही बरोबर. दोष उत्तरात नाही, प्रश्नात आहे. ‘एक’ कशाला म्हणायचे हे प्रश्नाने सांगितलेलेच नाही. अपूर्णांकाला नाव देण्यापूर्वी ‘कशाचा?’ हे विचारण्याची सवय लागली, तर पुढची निम्मी लढाई तेथेच जिंकली जाते. आपला राष्ट्रध्वज या सवयीसाठी फार उपयोगी पडतो. ध्वजाचे तीन आडवे पट्टे समान असतात, म्हणून केशरी रंग एक तृतीयांश, हिरवाही एक तृतीयांश. मग पांढरा? तिसरीतील एका मुलीने क्षणभर विचार करून सांगितले, “पट्टा एक तृतीयांश, पण पांढरा रंग थोडा कमी. मधली जागा चक्राने घेतली आहे ना!”

आता नावांकडे वळते. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे, आणि आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर हैदराबादेत चालणाऱ्या मराठी शाळेला त्याचे विशेष महत्त्व आहे.

मराठीत अपूर्णांकांना नावांचे दोन पोशाख आहेत. एक घरचा : पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन. दुसरा शाळेचा : एक चतुर्थांश, तीन चतुर्थांश, पाच अष्टमांश, किंवा नुसतेच ‘तीन छेद चार’. घरचे शब्द मुलाच्या कानावर अक्षर ओळखण्याच्या कितीतरी आधी पडलेले असतात. स्वयंपाकघरात चतकोर भाकरी असते, घड्याळात पावणेतीन असतात. हे शब्द फार जुने आहेत. पाव म्हणजे ‘पाद’, चार पायांतला एक. पाऊण म्हणजे ‘पादोन’, एकाला पाव कमी. सव्वा म्हणजे ‘सपाद’, पावासहित. अडीच हा ‘अर्धतृतीय’ यावरून आला. म्हणजे पहिले दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. साडेतीनाला पूर्वी औट म्हणत, त्याचीही घडण अशीच : चौथा अर्धा. औट घटकेचे राज्य आपण बोलताना अजून म्हणतो, पण ती घटका किती हे कोणी विचारत नाही.

या शब्दांच्या पोटात केवढे गणित आहे पाहा. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त अपूर्णांकांचे जे प्रकार केले आहेत, त्यांत पूर्ण संख्येत भाग मिळवण्याचा प्रकार ‘भागानुबंध’ आणि पूर्ण संख्येतून भाग वजा करण्याचा प्रकार ‘भागापवाह’ या नावाने येतो. उदाहरणादाखल तेथे पावासहित दोन आणि पावाने उणे तीन अशा संख्या दिल्या आहेत. म्हणजे आपले सव्वादोन आणि पावणेतीन. जे प्रकरण पंडितांच्या ग्रंथात स्वतंत्र नावांनी मांडले गेले, ते आपल्याकडे भाजी घेताना आणि वेळ सांगताना बोलले जाते.

आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी तोंडपाठ असत. त्या पाठांतराचे मी उदात्तीकरण करीत नाही. छडीच्या धाकाने म्हटलेल्या औटकीने किती जणांना गणित नकोसे केले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही. त्या पाढ्यांच्या मागे मात्र जिवंत व्यवहार होता. रुपयाचे सोळा आणे होते, चार आण्यांची पावली होती, बारा आणे म्हणजे पाऊण रुपया होता. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. तरीही ‘चार आणे’ हा शब्द पंचवीस पैशांच्या नाण्याला चिकटून राहिला. ३० जून २०११ पासून ते नाणेही चलनातून गेले. भाजीवाल्याचा तराजू आता ०.७५० दाखवतो, भ्रमणध्वनीवरचे घड्याळ २.४५ दाखवते. काट्यांच्या घड्याळात तास पावाने कमी असल्याचे डोळ्यांना दिसत असे. बारापासून नवापर्यंतचा पाऊण गोल म्हणजे रंगवलेले वर्तुळच की! आकड्यांच्या घड्याळात हे काहीच दिसत नाही. वस्तू निघून गेल्या आणि शब्द तेवढे मागे राहिले आहेत. तेही मुलांच्या तोंडून निसटू लागले आहेत. ‘साडेदोन वाजता या’ असे मी या वर्षी तीनदा ऐकले. एकदा तर एका पालकांकडून.

आणि आता हैदराबादची गोष्ट. आपली मुले घरी मराठी बोलतात, सुलतान बाजारात दखनी ऐकतात आणि गल्लीत तेलुगू खेळतात. चौथीच्या वर्गात मी फळ्यावर चार भागांचा चौकोन काढून तीन भाग रंगवले होते. हे किती, असे विचारले. बरीच मुले “तीन छेद चार” म्हणाली. एक-दोघांनी “पाऊण” म्हटले. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याची आई तेलुगू भाषक आहे, तो म्हणाला, “बाई, मुप्पावु.” वर्ग हसला. मी त्याला फळ्याजवळ बोलावून ते समजावून सांगायला लावले. त्याने रंगवलेल्या एकेका भागावर बोट ठेवले : एक पाव, दोन पाव, तीन पाव. तेलुगूत मुप्पावु म्हणजे अक्षरशः तीन पाव. मग पाऊण म्हणणाऱ्या मुलीला बोलावले. तिने रंगवलेल्या भागांना हातच लावला नाही. जो कोरा होता त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, “हा पाव नाही, म्हणून पाऊण.”

एकच चौकोन, तेच तीन भाग, आणि दोन भाषांनी दोन ठिकाणी बोट ठेवले. एकीने काय आहे ते मोजले, दुसरीने काय उणे आहे ते पाहिले. अपूर्णांक शिकवण्याच्या दृष्टीने या दोन्ही नजरा लागतात, आणि त्या दोन्ही एकाच वर्गात आयत्या मिळणे ही आपल्यासारख्या शाळेची मिळकत आहे. ‘मुप्पावु’ची नजर मुलाला ‘तीन चतुर्थांश’ या नावाकडे नेते. त्यात चतुर्थांश ही वस्तू आहे आणि तीन ही तिची संख्या आहे. तीन आंबे म्हणावेत तसे तीन चतुर्थांश. हे एकदा उमगले की अर्ध्यात पाव मिळवताना मूल खालचे आकडे मिळवीत नाही. आंबे आणि पेरू एकत्र मोजता येत नाहीत, आधी दोन्हींचे एकच नाव करावे लागते, हे त्याला सांगावे लागत नाही. अर्ध्याचे दोन पाव केले, त्यांत एक पाव घातला, तीन पाव झाले.

‘पाऊण’ची नजर तुलनेच्या वेळी कामास येते. पाच षष्ठांश मोठा की सात अष्टमांश? नियमाने शिकलेले मूल समच्छेद करायला बसते, किंवा ‘दोन्हींत एकच भाग रंगवायचा राहिला, म्हणून सारखे’ असे म्हणते. त्याला कोऱ्या भागाकडे पाहायला सांगावे. एकात सहावा हिस्सा कमी आहे, दुसऱ्यात आठवा. आठवा हिस्सा लहान, म्हणून तेथे उणीव लहान, म्हणून सात अष्टमांश मोठा. लेखणी उचलावी लागली नाही.

याच नजरेच्या अभावाचे एक प्रसिद्ध उदाहरण गणितशिक्षणाच्या चर्चेत वारंवार येते. अमेरिकेत १९७८ च्या सुमारास घेतलेल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले होते : १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज अंदाजे किती? पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक एकाला थोडे थोडे उणे, म्हणून बेरीज दोनच्या आसपास. पण २ हा पर्याय निवडणारी मुले शंभरात चोवीस होती. १९ किंवा २१ निवडणारी निम्म्याहून अधिक. बारा आणि सात एकोणीस, तेरा आणि आठ एकवीस. ज्याला पाऊण म्हणजे ‘एकाला थोडे कमी’ हे अंगवळणी पडले आहे, त्या मुलाला एकोणीस हे उत्तर लिहिताना निदान अडखळायला तरी व्हावे.

जुन्या पावकीत या दोन्ही नजरा एका ओळीत येऊन गेल्या आहेत : एकाचा पाव, दोनांचा अर्धा, तीनांचा पाऊण, चारांचा एक. म्हणजे तीन पाव आणि पाऊण यांची गाठ आपल्या पूर्वजांनीही घालून ठेवली होती. घोकंपट्टीत ती कोणाच्या लक्षात आली नसावी.

‘तीन छेद चार’ या वाचनाविषयी एक शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. ते सोयीचे आहे, लिहून घ्यायला बरे पडते. पण ते अपूर्णांकाचे नाव नव्हे, त्याच्या लेखनाचे वर्णन आहे. वर तीन, मध्ये रेघ, खाली चार. आपल्याकडे पूर्वी ती रेघसुद्धा नव्हती, अंश वर आणि छेद त्याच्या खाली, एवढेच लिहीत. शिवाय छेद म्हणजे कापणे, असे सांगितल्याबरोबर चौकस मूल विचारते, “पट्टीचे चार भाग करायला तीनदाच कापावे लागते, मग छेद चार कसा?” आणि गोल भाकरी मध्यातून दोनदाच कापली की चार तुकडे होतात. प्रश्न रास्त आहे. छेद कापांची संख्या सांगत नाही. एकाचे किती समान भाग, म्हणजेच प्रत्येक भाग केवढा, हे सांगतो. ‘चतुर्थांश’ या शब्दात हा अर्थ उघड आहे. म्हणून निदान पहिली दोन वर्षे ‘तीन चतुर्थांश’ असेच म्हणवून घ्यावे, असे माझे मत आहे. थोडा वेळ अधिक लागतो. लागू द्यावा.

मग वर्गात क्रम कसा असावा? मी वाटणीपासून आरंभ करते. तीन भाकऱ्या, चार मुले, कोणाला किती? ही वाट माझी एकटीची नव्हे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आणि मध्य प्रदेशात एकलव्य संस्थेने अपूर्णांकांच्या अध्यापनावर जे काम केले आहे, त्यात वाटणीला मानाचे स्थान आहे. मुलांची उत्तरे ऐकण्यासारखी असतात. काही जण प्रत्येक भाकरीचे चार चार तुकडे करून प्रत्येकाला तीन चतकोर देतात. काही जण आधी दोन भाकऱ्या अर्ध्या अर्ध्या करून चौघांना वाटतात आणि उरलेल्या भाकरीचा चतकोर चतकोर देतात : अर्धी आणि वर चतकोर. दोघांच्या ताटात पाऊण भाकरीच आली, हे पटायला तुकडे एकावर एक ठेवून पाहावे लागतात. कागदाच्या भाकरीवरही ‘त्याचा तुकडा मोठा’ असे भांडण होते. होऊ द्यावे. समान भाग का हवेत, याचे त्या भांडणाहून चांगले स्पष्टीकरण मला अद्याप सापडलेले नाही.

त्यानंतर पट्टीच्या घड्या. अर्धा, पाव, अर्धपाव, अशा घड्या सहज पडतात. तिसरा हिस्सा मात्र घडीला दाद देत नाही. अंदाजाने दुमडून, उलगडून, पुन्हा सरकवून जमवावा लागतो. रोजच्या मराठी बोलण्यात पाव-पाऊण यांसारखा सुटसुटीत शब्दही तिसऱ्या हिश्श्याला नाही. त्यामुळे ‘एक तृतीयांश’ येथे मुलाला शाळेच्या नावाची पहिल्यांदा खरी गरज पडते, आणि गरज पडल्यावर शिकलेले नाव टिकते. नाव तोंडी रुळले की मग चित्र, मग रंग आणि सर्वांत शेवटी अंक. पुस्तकात रंगवलेली आकृती पहिल्या पानावर असते. माझ्या वर्गात ती तिसऱ्या आठवड्यात येते. तीही अशी, की आकृती मुलांनीच काढायची, मुद्दाम एखादी असमान भागांची काढायची आणि शेजाऱ्याला फसवून दाखवायचे. फसवायला शिकलेले मूल स्वतः सहसा फसत नाही.

माजी विद्यार्थ्यांच्या उदारपणामुळे आज वर्गावर्गांत डिजिटल फलक आहेत. त्यावर बोट टेकले की भाग रंगतो. मी तो आनंदाने वापरते. पण एक सांगते, तो फलक नेहमी समान भागच करतो. वाकडे कापण्याची मुभा तो मुलाला देत नाही, म्हणून पहिला धडा त्यावर होऊ शकत नाही.

पालकांचा एक प्रश्न मला दर वर्षी असतो आणि तो मी हलका मानीत नाही. पाचवीनंतर किंवा सातवीनंतर मूल इंग्रजी माध्यमात जाणार. तेथे ‘थ्री बाय फोर’ म्हणतात. मग आता हे पाऊण आणि चतुर्थांश कशासाठी? माझ्या अनुभवाचे उत्तर असे आहे. ज्या मुलाने केवळ ‘तीन छेद चार’ शिकले, त्याला ‘थ्री बाय फोर’ लगेच जमते, कारण दोन्ही वेळी तो आकडेच वाचतो. पुढे त्यांची बेरीज आली की तो दोन्ही भाषांत सारखाच अडतो. ज्याच्या डोळ्यांपुढे एकाला पाव उणे असलेली भाकरी उभी राहते, त्याला ‘थ्री-फोर्थ्स’ हा शब्द शिकायला चार दिवस लागतात, एवढेच. आपल्या शाळेतील वर्ग पूर्वीपेक्षा लहान झाले आहेत, हे या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला दिसते आहे. येथून बाहेर पडणारे मूल मराठीचे काय घेऊन जाते, असा प्रश्न मला कोणी विचारला, तर निबंध आणि कविता यांच्या आधी मी हे सात-आठ शब्द सांगेन.

म्हणून घरी अभ्यास घेताना ‘वर किती, खाली किती’ असे विचारू नये, ही विनंती. ‘एक कोणते धरलेस? भाग सारखे आहेत का? किती कमी आहे?’ असे विचारावे. पोळी कापताना एखादे वेळी मुद्दाम वाकडी कापावी. भिंतीवर काट्यांचे एक घड्याळ लावावे.

मागच्या दालनात चौथीच्या मुलांनी पट्ट्यांचा तक्ता मांडला आहे. प्रत्येक पट्टीपुढे नावांचे तीन रकाने आहेत : घरचे मराठी, शाळेचे मराठी आणि तेलुगू. दखनीसाठी चौथा रकाना मुलांनी स्वतःहून जोडला, पण तो अजून अर्धाच भरला आहे. ज्यांना ती नावे ठाऊक असतील त्यांनी तेथील मुलांना सांगावीत. आणि ज्यांच्या घरी पावकी-निमकीसह छापलेली जुनी उजळणी जपून ठेवलेली असेल, त्यांनी ती चार दिवसांसाठी शाळेला द्यावी. आम्ही प्रती काढून मूळ पुस्तक जसेच्या तसे परत करू. कार्यालयात त्यासाठी नोंदवही ठेवली आहे.